शेवंती फुलते आणि फुलता फुलताच सडते: थंड, दमट हवेतलं दरवर्षीचं दुखणं

झाड कमरेएवढं, पानं हिरवीगार, फांदीफांदीवर कळ्या. रंग दिसायला लागतो आणि नेमका तेव्हाच आठवडाभर ढग बसतो. मग एका सकाळी बाहेरच्या पाकळ्यांवर टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके दिसतात. दोन दिवसांत ते पसरून ओलसर डाग होतात. चौथ्या दिवशी फुलाचा मधला भाग मऊ पडतो, आणि बोट लागलं की राखेसारखी भुकटी उडते.

पुढच्या वर्षी तेच, त्याच सुमाराला. औषध बदलून पाहिलं, माती बदलून पाहिली, खत बदलून पाहिलं. माझी तीन वर्षं यात गेली. तिसऱ्या हिवाळ्यात जुन्या वहीतल्या तारखा सहज एकाखाली एक मांडल्या तेव्हा लक्षात आलं की मी बुरशीच्या मागे धावत होतो आणि गफलत तारखेत होती. माझी झाडं वर्षातल्या सगळ्यात ओल्या आठवड्यांत फुलत होती. तिथे कोणतंही औषध फार टिकणार नव्हतं.

म्हणून खालचा क्रम नेहमीच्या क्रमाच्या उलटा आहे. फवारणी जवळजवळ शेवटी येते.

आधी हा रोग तोच आहे ना, ते बघा

फुलावरचा प्रत्येक तपकिरी डाग करड्या बुरशीचा नसतो. करडी बुरशी, म्हणजे बोट्रायटिस सिनेरिया, ओळखायची घरगुती पद्धत सोपी आहे. डाग पडलेल्या चार पाकळ्या ओल्या कागदावर ठेवा, झाकणाच्या डब्यात बंद करा आणि डबा सावलीत ठेवून द्या. एक-दोन दिवसांत पाकळ्यांवर करडी लव उगवली तर शंका उरत नाही.

लव आली नाही, पण फूल एका बाजूने वाकडं उमलतंय आणि पाकळ्या बुडापासून काळपट होतायत, तर तो पाकळ्यांचा करपा असू शकतो. डाग तपकिरी नसून फिकट, ओरखड्यांसारखे असतील तर पांढऱ्या कागदावर फूल झटका. बारीक, लांबट फुलकिडे पळताना दिसतील. त्यांनी खरवडलेल्या पाकळीतून करडी बुरशीही आत शिरते, तेव्हा दोन्ही एकाच वेळी सापडली तर नवल नाही. खालच्या पानांपासून वर चढत जाणारे काळे डाग हे पानांवरच्या ठिपक्यांच्या रोगाचं लक्षण आहे. तो शिंतोड्यांनी पसरतो. पानाच्या वरच्या बाजूला पिठासारखा थर म्हणजे भुरी. तिला पानावर पाणी साचायचीही गरज नसते, दमट हवा पुरते.

एक रोग मात्र वेगळा काढून सांगायला हवा. पानाच्या वर फिकट पिवळट ठिपके आणि बरोबर त्यांच्याखाली, पानाच्या मागे, गुलाबीसर पांढरे फोड दिसले तर तो पांढरा तांबेरा, पुक्सिनिया होरियाना. जपानातून निघालेला हा रोग १९६० च्या दशकात युरोपात पोचला. बऱ्याच देशांत त्याच्यावर क्वारंटाइनचे निर्बंध आहेत आणि तो आढळला तर वनस्पती-आरोग्य खात्याला कळवावं लागतं. लागण झाल्यावर लक्षणं उमटायला आठवडा ते दहा दिवस जातात, म्हणून दिसायला निरोगी काश्यांबरोबरही, म्हणजे लावायला आणलेल्या फुटव्यांबरोबरही, तो घरी येतो. अशा झाडावर उपचारांचे प्रयोग करत बसू नका. पिशवीत बांधा आणि काढून टाका.

पुढचं सगळं करड्या बुरशीबद्दल आहे.

चूक कुठे होते: फुलायची तारीख

शेवंती रात्र मोजते. दिवस साधारण साडेतेरा तासांपेक्षा लहान झाला, म्हणजे रात्र साडेदहा तासांच्या पुढे गेली, की तिच्या कळ्या नीट पुढे सरकतात. जातीगणिक हा आकडा थोडा मागेपुढे होतो. झाडांच्या या सवयीचा पहिला व्यवस्थित उलगडा गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये केला, तंबाखू आणि सोयाबीनवर. तेव्हा त्याला दिवसाच्या लांबीचा परिणाम म्हटलं गेलं. खरं काम रात्रीच्या सलग अंधाराचं असतं हे नंतर स्पष्ट झालं, पण ‘लघुदिन वनस्पती’ हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

आता दुसरा आकडा. लहान दिवस सुरू झाल्यापासून फूल उमलेपर्यंत किती आठवडे लागतात, यावर शेवंतीच्या जातींचे गट पाडतात. सगळ्यात चपळ गटाला सहा आठवडे लागतात, सगळ्यात सुस्त गटाला पंधरापर्यंत. मोठी, भरगच्च, आत वळलेल्या पाकळ्यांची किंवा कोळ्याच्या पायांसारखी लांब पाकळ्यांची जी फुलं आपल्याला मोहात पाडतात, त्यातली बरीच उशिराच्या गटात असतात.

हिशोब मांडून बघा. ५० अंश उत्तर अक्षांशावर दिवस साडेतेरा तासांवर उतरतो तो ऑगस्टच्या अखेरीस. तिथून सहा आठवडे म्हणजे ऑक्टोबरचा मध्य. बारा आठवडे म्हणजे नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा. दक्षिण गोलार्धात यात सहा महिने मिळवा. हा ढोबळ हिशोब आहे, थंडी पडली की तो आणखी लांबतो, कारण रात्रीचं तापमान दहा अंशांच्या खाली गेलं की कळ्या जागच्या जागी थबकतात. एक जात बऱ्यापैकी कोरड्या हवेत फुलून मोकळी होते, दुसरी धुक्यात कळ्या घेऊन उभी राहते. माळी तोच, माती तीच.

तर पहिलं काम: तुमच्याकडच्या प्रत्येक जातीला किती आठवडे लागतात ते शोधा किंवा यंदा मोजा. मग तुमच्या हवेतला ओल्या दिवसांचा मुक्काम कधी सुरू होतो ते लिहा. फूल पूर्ण उमलण्याची तारीख त्या मुक्कामाच्या निदान दोन आठवडे आधी यायला हवी. येत नसेल तर दोनच वाटा आहेत: जात बदला किंवा रात्र लवकर आणा.

रात्र लवकर आणायची म्हणजे

काळं, जाड, प्रकाश न गळणारं कापड. संध्याकाळी सहाला झाकायचं, सकाळी आठला काढायचं, रोज चौदा तास काळोख. ५० अंशांवरच जुलैच्या मध्यात सुरुवात केली तर दहा आठवड्यांची जात सप्टेंबरच्या अखेरीस फुलते. कळ्यांना रंग दिसू लागला की झाकणं थांबवलं तरी चालतं.

सांगायला सोपं आहे, पण यात मी स्वतः तीन वेळा आपटलो.

पहिल्यांदा, कापडाला शिवणीजवळ भोकं होती. कळ्या आल्या आणि तशाच अडकल्या. त्यांच्याखाली पातळ, पट्टीसारखी पानं आली आणि बाजूने नवे हिरवे फुटवे निघाले. कळीखाली अशी पट्टीची पानं दिसली तर बहुतेक वेळा अंधारात खंड पडलेला असतो. भर उन्हात कापडाखाली डोकं घालून पाच मिनिटं थांबा. डोळे सरावल्यावर स्वतःची बोटं दिसली तर ते कापड कामाचं नाही.

दुसऱ्यांदा, उन्हाळ्याच्या संध्याकाळी कापडाखाली इतकी धग झाली की फुलं लवकर यायच्या ऐवजी लांबली. तीस अंशांच्या वरच्या उष्ण रात्री कळ्यांना थंडीइतक्याच मागे खेचतात. कापड झाडांपासून हातभर वर, सांगाड्यावर हवं. बाहेरची बाजू पांढरी किंवा चंदेरी असली तर आणखी बरं.

तिसरी चूक सगळ्यात महागात पडली. कापडाखाली झाडं रात्रभर श्वास सोडत होती आणि आत दव पिकत होतं, म्हणजे ज्या बुरशीपासून वाचायचं तिलाच मी पलंग घालून दिला होता. उपाय नंतर सुचला आणि तो फुकटचा आहे: बाहेर पूर्ण अंधार पडला की कापड काढून टाका, उजाडण्याआधी पुन्हा घाला. झाडाला फक्त अंधार हवा असतो, तो कापडाचा की आकाशाचा याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पहाटे उठवत नसेल तर निदान दोन्ही बाजूंचे पडदे रात्री वर गुंडाळा.

आणि हो, अंगणातला दिवा. मध्यरात्री तास-दोन तासांचा मंद प्रकाशही शेवंतीची लांब रात्र मोडतो. फुलं लांबवायला व्यापारी बागांमध्ये हीच युक्ती मुद्दाम वापरतात. तुमच्या वाफ्याचं एक टोक दरवर्षी उशिरा फुलत असेल तर रात्री बाहेर जाऊन त्या टोकाला उभे राहा आणि उजेड कुठून येतो ते पाहा. मी दोन वर्षं ज्या कोपऱ्यातल्या मातीला दोष देत होतो, तिथे पायऱ्यांवरच्या दिव्याचा झोत पडत होता. दिव्याला टोपी घातली आणि तो कोपरा बाकीच्या वाफ्याबरोबर फुलला.

रात्रीचं दव

तारीख सुधारली तरी अधूनमधून ओला आठवडा येणारच. इथे थोडं गणित उपयोगी पडतं.

वीस अंशांची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सतरा ग्रॅमच्या आसपास वाफ धरते. दहा अंशांची हवा साडेनऊ ग्रॅमसुद्धा धरत नाही. दुपारी वीस अंश आणि साठ टक्के आर्द्रता, म्हणजे आपल्या भाषेत ‘छान कोरडी हवा’, हिच्यात दहा ग्रॅमहून थोडी जास्त वाफ असते. रात्री पारा दहावर आला की ती वाफ मावत नाही. जास्तीची उतरते, आणि उघड्या आकाशाखाली पाकळ्या हवेहूनही लवकर गार होत असल्याने बहुतेक त्यांच्यावरच उतरते. करड्या बुरशीच्या बीजाणूला रुजायला पाकळीवर काही तास टिकलेलं असं पाणी पुरतं. पंधरा ते पंचवीस अंशांत तिची चंगळ असते, पण शीतकपाटाच्या गारव्यातही ती थांबत नाही, सावकाश चालू राहते. म्हणून ‘थंडी पडली, आता बुरशी मरेल’ या आशेवर राहू नका.

पाकळ्या रात्री ओल्या होऊ न देणं हा खरा उपाय. उघड्यावरच्या झाडांना नुसतं पारदर्शक छत, बाजू पूर्ण मोकळ्या, एवढ्यानेच मोठा फरक पडतो. पाऊस अडतो, आणि आकाशाकडे जाणारी उष्णता थोडी रोखली गेल्याने दवही कमी पडतं. छताला उतार द्या, नाहीतर आतून साचलेले थेंब नेमके फुलांवर गळतात. अतिनील किरण अडवणारा प्लास्टिक कागद मिळाला तर तो घ्या. या बुरशीला बीजाणू धरायला अतिनील प्रकाशाची मदत होते, त्यामुळे अशा कागदाखाली भुकटी कमी तयार होते.

बंद हरितगृहात बहुतेक लोक उलटं करतात. हवा गार झाली की झडपा लावून घेतात, ऊब राहावी म्हणून. ऊब राहते, वाफही राहते. संध्याकाळी झडपा फटभर उघड्या ठेवा आणि सोय असेल तर त्याच वेळी थोडी उष्णता द्या. दहा अंशांवरची पूर्ण दमट हवा फक्त तीन अंशांनी तापवली तरी तिची सापेक्ष आर्द्रता ८३ टक्क्यांच्या आसपास येते. ‘बाहेर धुकं आहे, मग झडप उघडून काय उपयोग?’ हा प्रश्न मलाही पडायचा. बाहेरच्या आठ अंशांच्या धुकट हवेत वाफ मुळातच कमी असते. ती आत येऊन बारा अंशांवर गेली की ऐंशी टक्क्यांच्या खाली येते. थंड धुकं आत घेऊन हवा कोरडी होते, हे पटायला मला एक आर्द्रतामापक विकत घ्यावा लागला.

पंखा असेल तर रात्रभर मंद चालू ठेवा. झाडांवर थेट झोत नको, पानं जेमतेम हलली पाहिजेत. पाणी सकाळी आणि बुंध्याशी, एवढं सांगितलं की पुरे.

झाडाची बांधणी

शेवंतीचं ‘फूल’ म्हणजे शेकडो बारीक फुलांचा गेंद. भरगच्च गेंदाच्या मध्यात गेलेला थेंब दुपारपर्यंत वाळत नाही. एकेरी पाकळ्यांचं किंवा छोटं गोंड्याचं फूल तासाभरात मोकळं होतं. जागा फारच ओली असेल तर या एकाच कारणासाठी मी एकेरी जाती सुचवेन. लोकांना त्या साध्या वाटतात, मला पूर्वी वाटायच्या.

अंतर वाढवा. दोन झाडांची पानं एकमेकांत गेली की मधली हवा तुंबते. खालच्या वीतभर भागातली पानं काढून टाका, तिथे ऊन तसंही पोचत नाही आणि पिवळी पडलेली पानं हे बुरशीचं पहिलं घर. ती निरोगी, जून भागावर सहसा सुरुवात करत नाही. मेलेलं पान, सुकलेली पाकळी, खुडलेल्या शेंड्याची जखम यांवर आधी पोसते आणि मग तिथून शेजारी सरकते.

शेंडा खुडण्याची तारीखही वहीत हवी. उशिरा खुडलं की फुलं त्या प्रमाणात पुढे जातात. शेवटची खुडणी रात्र मोठी व्हायच्या आधीच उरकावी आणि काळं कापड वापरणार असाल तर नवे फुटवे बोटभर झाल्यावर झाकायला सुरुवात करावी. खुडताना ढगाळ, ओला दिवस टाळा.

खताबद्दल एकच मुद्दा. कळी दिसू लागली की नत्र कमी करा आणि रंग दिसला की बंद. गार मातीत अमोनियाचं नायट्रेटमध्ये रूपांतर मंदावतं, त्यामुळे थंड हवेत युरिया आणि अमोनियम सल्फेट ही खतं झाडाला लुसलुशीत करतात किंवा मुळांशी साचून राहतात. द्यायचंच तर कॅल्शियम नायट्रेट, तेही कळी बारीक असताना. कॅल्शियमने पेशींच्या भिंती घट्ट होतात, पण तो झाडात पाण्याबरोबरच वर चढतो आणि दमट हवेत झाड पाणी ओढतच नाही. म्हणजे नुसतं खत टाकून भागत नाही, हवा खेळती असली तरच ते पाकळीपर्यंत पोचतं.

फवारणी

रोग दिसण्याआधी केली तरच तिला अर्थ आहे. बॅसिलस सबटिलिससारखी जैविक औषधं पाकळीवर जागा अडवून बसतात, आत शिरलेल्या बुरशीला हुसकावत नाहीत. कळी बंद असताना, सकाळी, वाळायला चार तास मिळतील अशा दिवशी फवारा. उमललेल्या फुलावर फवारणं म्हणजे औषधाच्या नावाने ओलावाच देणं, वर डाग पडतात ते वेगळेच.

एकच बुरशीनाशक पुन्हा पुन्हा वापरू नका. ही बुरशी औषधाला फार पटकन सरावते. बेनोमिल, कार्बेन्डाझिम या कुळातल्या औषधांना न जुमानणाऱ्या बोट्रायटिसच्या जाती १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच सापडल्या होत्या. बाटलीवर नाव वेगळं असलं तरी आतलं कूळ तेच असू शकतं, म्हणून लेबलवरचा गट क्रमांक बघा आणि तुमच्याकडे शेवंतीसाठी ज्याला परवानगी आहे तेच वापरा.

आत्ता, या घडीला फुलं सडतायत?

भर दुपारी, झाडं कोरडी असताना जा. प्रत्येक सडक्या फुलावर आधी कागदी पिशवी अलगद चढवा, मग खाली देठाच्या निरोगी भागात काप घ्या. आधी कापून मग पिशवीत टाकलंत तर त्या एका हिसक्यात उडालेली भुकटी वाफाभर पोचते. कात्री दर झाडानंतर स्पिरिटने पुसा. पिशव्या कंपोस्टात नकोत. ही बुरशी काळे, टणक कण करून तिथे आरामात हिवाळा काढते.

अर्धवट उमललेली, अजून स्वच्छ असलेली फुलं देठासकट कापून घरात पाण्यात ठेवा. शेवंती फुलदाणीत छान पूर्ण उमलते. झाडावर ठेवून उद्या काय होतंय ते बघू, हा विचार मी सोडून दिलाय. कुंडीतली झाडं असतील तर पावसाळी आठवड्यापुरती वळचणीखाली ओळीने लावा. तिथे ऊन कमी मिळतं, पण कळीला रंग आल्यानंतर ते चालून जातं.

तेरा आठवड्यांची, लांब पाकळ्यांची एक पांढरी जात मी अजून सोडलेली नाही. काळं कापड तिला सोसत नाही, काहीतरी बिघडतंच. आता तिच्या दोनच कुंड्या ठेवतो, त्याही दाराशी, छपराखाली, पायऱ्यांवरच्या दिव्यापासून लांब. गेल्या खेपेला सात कळ्यांपैकी पाच नीट उमलल्या, गार रात्रींमुळे टोकांना गुलाबी छटा घेऊन. उरलेल्या दोन पिशवीत गेल्या.